पत्र्याचा डबा ते फोन : किरकोळ रोकडीच्या प्रकल्प नोंदी (मार्च ते जुलै २०२५)

३ मार्च २०२५, सोमवार

गेल्या वर्षीच्या ऑडिटमध्ये नाशिकच्या आमच्या धर्मादाय संस्थेच्या किरकोळ रोकडीवर दोन शेरे आले होते. ते निस्तरायचे आणि जूनपर्यंत जमेल तेवढा खर्च फोनवर आणायचा, हे काम सचिवांनी माझ्याकडे सोपवलं. सुरुवात डबा मोजण्यापासून केली.

डबा म्हणजे पंचवटीतल्या कार्यालयातला हिरव्या पत्र्याचा डबा. छोटं पितळी कुलूप, किल्ली रोखपाल काकांच्या शर्टाच्या आतल्या खिशात. एकोणीस वर्षं तेच हा डबा सांभाळतात. वसतिगृह, पेठ-सुरगाण्याकडची सहा अभ्यासकेंद्रं आणि कार्यालय, सगळ्यांचा सुटा खर्च यातूनच होतो.

कीर्दीप्रमाणे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीप्रमाणे, शिल्लक ₹८,४१२. टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोघांनी मोजायला घेतलं. पाचशेच्या ९, दोनशेच्या ४, शंभराच्या ६, पन्नासच्या ३, वीसच्या ७, दहाच्या ११ आणि ₹४७ ची चिल्लर. एकूण ₹६,३४७. खाली दोन उचलीच्या, म्हणजे आगाऊ नेलेल्या पैशांच्या, चिठ्ठ्या होत्या, गाडीच्या ड्रायव्हरदादांची १,५०० ची आणि स्पीड पोस्टसाठी घेतलेली ३०० ची. तळाशी झेरॉक्सची १४० ची आणि हमालीची ६० ची चिठ्ठी सापडली, दोन्ही कीर्दीत चढायच्या राहिलेल्या. सगळं धरून ₹८,३४७. पासष्ट रुपये कमी.

काकांनी खिशातून पन्नासची नोट, दहाचं आणि पाचचं नाणं काढलं, डब्यात टाकलं आणि म्हणाले, "घ्या ताई, बसला मेळ."

"काका, हे तुमचे पैसे आहेत ना?"

"मग कोणाचे? दर महिन्याला पाच-पन्नास इकडंतिकडं होतातच. कुणी आलं, चहा सांगितला, चिठ्ठी राहिली. त्यासाठी बोलणी कोण खाणार?"

पासष्ट रुपये त्यांना परत दिले आणि वहीत 'तूट ₹६५' असं लिहून दोघांनी सह्या केल्या. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. जेवायच्या सुट्टीतही गप्पच होते. एकोणीस वर्षं या डब्याचा दर महिन्याला नव्या पैशापर्यंत मेळ बसतो आहे आणि तो कसा बसतो हे आमच्यापैकी कोणीही विचारलेलं नाही. मलाही सहा वर्षं झाली इथं.

५ मार्च, बुधवार

फेब्रुवारीची फाईल दिवसभर चाळली. १८७ व्हाउचर. बरीचशी दोनशेच्या आतली : रिक्षा, चहा, झेरॉक्स, कुरिअर, हमाली, पंक्चर, शेगडीचं बर्नर, मुलींची औषधं. ३१ व्हाउचर नुसत्या 'इतर' या नावाखाली.

तीन गोष्टी नोंदवून ठेवते.

रक्कम ठरलेली नाही. डबा रिकामा झाला की चेक लिहायचा, कधी पाच हजारांचा, कधी वीस. त्यामुळं डब्यात किती असायला हवेत हे कीर्द पुरी केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि कीर्द चार-चार दिवस मागं असते. कॉमर्सच्या पोरांना पहिल्याच वर्षी इम्प्रेस्ट पद्धत शिकवतात : एक रक्कम ठरवायची, महिनाअखेरीला जेवढा खर्च झाला नेमका तेवढाच पैसा परत भरायचा. मग कुठल्याही क्षणी रोकड, व्हाउचर आणि उचलीच्या चिठ्ठ्या यांची बेरीज त्या ठरलेल्या रकमेइतकी यायलाच हवी. डबा मोजायला पाच मिनिटं लागतात, कीर्द लागत नाही. फोन-बिन नंतर, हे आधी.

दुसरी गोष्ट पेट्रोलपंपाच्या पावत्यांची. त्या थर्मल कागदावर येतात. ऑक्टोबरच्या पावत्या उजेडाला धरून पाहिल्या, नुसता पांढरा कागद. धर्मादाय संस्थांनी हिशोबाची कागदपत्रं संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षं जपावीत असा आयकराचा नियम २०२२ पासून आहे. ही पावती पाच महिनेही टिकली नाही. आजपासून पावती हातात पडली की लगेच फोटो.

तिसरी गोष्ट तिकिटाची. काका पाचशेच्या वरच्या प्रत्येक व्हाउचरवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लावून घेतात. पाचशेची मर्यादा २००४ साली गेली, आता पाच हजारांच्या वरच्या पावतीला तिकीट लागतं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, लावलेलं वाया जात नाही. नोटा छापणारा करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नाशिकरोडला आहे, मुद्रांक छापणारा इंडिया सिक्युरिटी प्रेसही तिथंच. काकांचे धाकटे मामा त्यातल्या एका प्रेसमधून निवृत्त झाले. कागदाबद्दलचा त्यांचा आदर कुठून आला असावा ते थोडं कळतं.

७ मार्च, शुक्रवार

पेठकडच्या एका केंद्रावर गेले. प्रकल्पातला आतापर्यंतचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस.

केंद्र चालवणाऱ्या ताईंनी पत्र्याच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत रबर लावलेल्या चिठ्ठ्या. खडू, सुतळी, एका मुलाला साप चावल्याच्या शंकेनं ग्रामीण रुग्णालयात नेलं त्या जीपचं भाडं, पोषणाच्या चण्यांचे पैसे. जानेवारीपासूनचे ₹१,३४० त्यांच्या खिशातून गेलेले. कार्यालयात आल्याशिवाय पैसे मिळत नाहीत आणि कार्यालयात यायचं तर एक दिवस केंद्र बंद.

"मग भागवलं कसं?"

"बचत गटातून हजार उचलले. शेकडा दोन व्याज हाय. ते काय बिलात लावणार नाही मी."

आमच्या संस्थेच्या खडूवर आमच्या ताई व्याज भरतायत. परतीच्या बसमध्ये सावळघाट ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. वर्षभर आम्ही बैठकांमध्ये किरकोळ रोकड म्हटलं की 'गळती' हा शब्द वापरतो. गळती आहे, ती आपल्याच माणसांच्या खिशातून डब्याकडं आहे.

त्याच पिशवीत एसटीची तिकिटंही होती. कार्यालयातला प्रवासखर्चाचा तक्ता २०२२ चा आहे, पूर्ण भाड्याचा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. तक्त्याप्रमाणे मागितलं असतं तरी कुणी तपासलं नसतं. ताई मात्र दर वेळी तिकीट जोडून निम्मेच मागतायत. यंदा २५ जानेवारीपासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे तक्ता दोन्ही बाजूंनी जुना झाला. तो फाडून टाकायचा, जे तिकीट असेल तेच द्यायचं.

₹१,३४० तिथंच रोख देऊन आले. व्याजाचं व्हाउचर वेगळं करून सचिवांपुढं ठेवणार.

१२ मार्च, बुधवार

लेखापरीक्षकांकडे दीड तास. शेरे समजून घेतले.

पहिला शेरा वसतिगृहाच्या किराण्याचा. नोव्हेंबरात एकाच दुकानदाराला एकाच दिवशी प्रत्येकी ₹६,३०० ची दोन व्हाउचर रोख दिली होती. कुणीतरी 'दहा हजारांच्या आत ठेवा' असं अर्धवट ऐकून बिल दोन ठिकाणी तोडलं. नियम असा की एका माणसाला एका दिवसात दिलेल्या रोकडीची बेरीज धरतात. आयकर कायद्याच्या कलम ४०अ(३) प्रमाणे ती १०,००० च्या वर गेली तर खर्च म्हणून मान्य होत नाही. आधी हे कलम धंद्यापुरतं होतं, २०१८ च्या अर्थसंकल्पानं धर्मादाय संस्थांनाही लागू झालं. मालवाहतूकदारासाठी मर्यादा ३५,०००. शेतकऱ्याकडून थेट त्याचा माल घेतला तर सूट आहे, त्यामुळं सुरगाण्याच्या शेतकऱ्याकडून घेतलेल्या नागलीला अडचण नाही. दुकानदाराला आहे. यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड यांनी दिलेलं मात्र सगळं चालतं.

दुसरा शेरा मला जास्त लागला. डिसेंबरात एका पाहुण्यांनी रोख एक हजाराची देणगी दिली. पावती फाडली, पैसे डब्यात गेले आणि परस्पर गॅसवाल्याला दिले गेले. आलेली देणगी आणि जाणारा खर्च एकाच डब्यात आले की मागून कुणालाच काही सांगता येत नाही. (रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला आयकरात कलम ८०जी ची वजावटही मिळत नाही, तेव्हा पाहुण्यांना आधीच क्यूआर दाखवलेला बरा.) यापुढं रोख देणगी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत. डब्यात एक रुपयाही नाही.

निघताना त्यांनी धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या ऑडिट अहवालाचा नमुना दाखवला. त्यात एक कलमच आहे : लेखापरीक्षणाच्या दिवशी व्यवस्थापकाच्या किंवा विश्वस्ताच्या ताब्यातली रोकड आणि व्हाउचर हिशोबाशी जुळत होती का. म्हणजे डबा मोजणं हा माझा हट्ट नाही, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालच्या नियमांतच ते बसवलेलं आहे. काकांना याची झेरॉक्स दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घालून डब्याच्या झाकणात ठेवली.

१८ मार्च, मंगळवार

पर्याय पाहिले. पर्यायाला पर्याय ताडून लिहीत नाही, जे नाकारलं ते का तेवढं लिहिते.

संस्थेच्या मुख्य खात्यावर यूपीआय : होत नाही. खातं दोन सह्यांचं आहे आणि यूपीआयला एका माणसाचा एक पिन लागतो. दोन सह्या काढायच्या नाहीत, त्या आमच्या विश्वस्तांनी विचार करून ठेवल्या आहेत. नेटबँकिंगला मात्र मेकर-चेकर आहे : मी भरायचं, खजिनदारांनी मंजूर करायचं. मोठी बिलं, म्हणजे किराणा, वीज, गॅस, तिकडून जातील.

ताईंनी स्वतःच्या फोनवरून भरायचं आणि आपण नंतर परत द्यायचं : बऱ्याच संस्था हेच करतात आणि त्याला 'डिजिटल झालो' म्हणतात. माझा ठाम विरोध. बचत गटाचं व्याज त्यातही तसंच राहील, फक्त नोटेऐवजी फोनमधून जाईल.

नुसतं प्रीपेड कार्ड : पेठ-हरसूलकडच्या दुकानात कार्ड घासायचं मशीन क्वचित. क्यूआरचा कागद मात्र पानटपरीवरही डकवलेला असतो.

राहिलं प्रीपेड वॉलेट. त्यात संस्था पैसे भरते, ताई क्यूआर स्कॅन करून देतात, आणि खर्चाची ओळ त्याच क्षणी आमच्या पडद्यावर दिसते. पूर्ण केवायसी झालेल्या वॉलेटवरून यूपीआय करता येतं. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशी वॉलेट दुसऱ्या कंपनीच्या यूपीआय ॲपमधूनही वापरायला मोकळीक दिली. अशा वॉलेटमध्ये जास्तीत जास्त दोन लाख ठेवता येतात. आम्हाला एका ताईमागं चार हजार पुरेत, आणि चुकलंच तर नुकसान चार हजारांवर थांबेल.

२५ मार्च, मंगळवार

केवायसी. सहापैकी दोन ताईंची नावं आधारवर सासरची, पॅनवर माहेरची. एकीकडे पॅनच नाही. आठवडा गेला. या कामाला 'कागदपत्रं जमा करणे : एक दिवस' असं मी आराखड्यात लिहिलं होतं. ते माझं चुकलं.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा, आज वर्षअखेर. सगळ्या उचली बंद केल्या. ड्रायव्हरदादांनी १,५०० पैकी १,१८५ ची बिलं आणि ३१५ रोख आणून दिले. डब्यात शिल्लक ₹२,०६०, मेळ बसला, काकांनी खिशात हात घातला नाही. उद्या बँका व्यवहारासाठी बंद.

३ एप्रिल, गुरुवार

विश्वस्तांची बैठक, ठराव झाला. थोडक्यात : कार्यालयाचा डबा ₹३,००० चा, प्रत्येक केंद्राकडे ₹१,००० रोख आणि ₹४,००० चं वॉलेट. एका वेळी ₹१,५०० च्या वरचा खर्च आधी विचारून. डबा महिन्यातून एकदा न सांगता मोजायचा, मोजणारा डबा सांभाळणारा नसावा. आणि माझ्या आग्रहानं एक ओळ : संस्थेच्या कामासाठी कुणीही आधी स्वतःचे पैसे घालायचे नाहीत, पैसे आधी पोचतील.

खजिनदारांनी विचारलं, चार हजार वॉलेटमध्ये पडून राहणार, सहा केंद्रांचे चोवीस, त्याचं काय? मी पेठच्या व्याजाचं व्हाउचर पुढं केलं. ₹४० चं होतं. मंजूर झालं, व्हाउचरही आणि वॉलेटही.

फोनचं रिचार्ज ताईंचं स्वतःचं असतं. त्याचे महिन्याला काही रुपये द्यावेत, हा मुद्दा पुढच्या बैठकीवर गेला. मला तो मागं पडू द्यायचा नाही, म्हणून इथं लिहिला.

१२ एप्रिल, शनिवार

कार्यालयात सोमवारपासून वॉलेट सुरू केलं होतं. आज सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशी भाजी घ्यायला गेल्या, सोबत मी. भेंडी, दुधी, मिरच्या, कोथिंबीर, ₹४८०. स्कॅन केलं, पिन टाकला, चक्र फिरत राहिलं. दुसऱ्यांदा केलं, तेच. शेजारच्या गाळ्यावरही माणसं फोन वर धरून उभी. थोड्या वेळानं कळलं, देशभर यूपीआय अडकलं आहे. २६ मार्चच्या संध्याकाळीही असंच झालं होतं.

भाजीवाल्या भाऊंनी पिशवी आमच्याकडे सरकवली. "घेऊन जा मावशी, मागून द्या." मावशी तयार नव्हत्या. त्यांनी पदराची गाठ सोडायला घेतली, मी हात धरला. रिक्षानं कार्यालयात गेले, काकांकडून पाचशे घेतले, परत आले. साठ रुपये रिक्षाला गेले.

काका पाचशेची नोट देताना काही बोलले नाहीत. पण उचलीच्या चिठ्ठीवर कारणाच्या जागी त्यांनी व्यवस्थित लिहिलं : 'यूपीआय बंद.' ती चिठ्ठी प्रकल्पाच्या फाईलला लावली. रोकड शून्यावर आणायची, असं माझ्या पहिल्या टिपणात होतं. ते वाक्य आज खोडलं.

२२ एप्रिल, मंगळवार

पंधरा दिवसांच्या नोंदी वॉलेटच्या विवरणातून काढल्या आणि बिलांशी लावायला बसले. लागेनात. बिलावर दुकानाचं नाव एक, विवरणात येतं ते भलतंच. क्यूआर दुकानदाराच्या मुलाच्या, बायकोच्या, कधी पुतण्याच्या खात्याचा असतो. स्टेशनरीचं बिल एका नावाचं आणि पैसे गेले दुसऱ्याच माणसाला, असं लेखापरीक्षकांपुढं गेलं तर ते विचारणारच. उपाय साधा आहे. पैसे देतानाच पडद्यावर जे नाव दिसतं ते बिलाच्या पाठीवर लिहायचं, आणि ॲपमधल्या शेऱ्याच्या जागी 'खडू', 'जीप', 'औषध' असा एक शब्द टाकायचा.

काकांना हे दाखवत होते तेव्हा ते म्हणाले, "फोनमध्ये पैसा कुणाला गेला ते दिसतं. कशाला गेला ते दिसत नाही." बरोबर आहे. वॉलेट आलं की व्हाउचर जाईल असं मी धरून चालले होते. व्हाउचर राहणार आहे, फक्त छोटं करायचं : तारीख, रक्कम, कशासाठी, कुठल्या केंद्रासाठी, सही. नमुना काकांनी काढून दिला, पट्टीनं रेघा मारून. माझ्यापेक्षा चांगला काढलाय. तोच छापायला दिला, पन्नास पानांची दहा पुस्तकं.

९ मे, शुक्रवार

केंद्रांवरचा पहिला महिना. अवेळी पावसामुळं दोन दिवस जाता आलं नाही, आज गेले.

किराणा, मेडिकल, जीपवाले दादा : स्कॅन होतं. आठवडी बाजारातल्या अंडी विकणाऱ्या मावशी : रोखच. त्यांच्याकडे क्यूआर नाही, आणि अंडी विकून आलेल्या पैशातूनच त्या त्याच बाजारातून मीठ-मिरची घेऊन घरी जातात. खात्यात पडलेले पैसे त्यांच्या त्या दिवशीच्या कामाचे नाहीत. त्यांना 'फोन घ्या' म्हणणारी मी कोण? केंद्राकडचे हजार रुपये यासाठीच आहेत.

एका केंद्राच्या अंगणात रेंज येत नाही. ताई शाळेच्या मागच्या उंचवट्यावर जातात, मोहाच्या झाडाखाली दोन काड्या दिसतात. दुकान खाली, रेंज वर. त्यांनी दुकानदाराच्या क्यूआरचा फोटो काढून ठेवलाय, वर जाऊन पैसे भरतात, खाली येईपर्यंत दुकानातला डबा 'पैसे प्राप्त झाले' बोललेला असतो. पद्धत त्यांचीच. मी फक्त एक अट घातली, फोटो जुना झाला असेल तर आधी एक रुपया पाठवून नाव तपासा.

दुसऱ्या एका ताईंना फोन आला होता, 'वॉलेटमध्ये बक्षीस जमा करतो, पिन टाका.' त्यांनी पिन टाकला नाही, मला फोन केला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे वाक्य आम्ही प्रशिक्षणात तीनदा म्हणून घेतलं होतं. सहाही जणींना आज पुन्हा फोन करून म्हणून घेतलं.

२७ मे, मंगळवार

काकांनी आज पहिल्यांदा स्वतः पैसे पाठवले. कुरिअरवाल्याला ₹९०. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब, रक्कम टाकून तीन वेळा मोठ्यानं वाचली : "नव्वद. नऊवर शून्य. पुढं अजून शून्य नाही." मग अंगठा. आवाज झाला तसे दचकले. लगेच कीर्द ओढली आणि पेनानं चढवलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, हे सगळं फोनवर गेलं की डब्याला माणूस लागणार नाही, नाही का?"

हा प्रश्न मार्चपासून त्यांच्या मनात असणार. तो त्यांना विचारायला लागण्याआधी मी बोलायला हवं होतं. मी सांगितलं की सहा केंद्रांची विवरणं दर सोमवारी व्हाउचरशी लावणारा माणूस हवा आहे. ते माझ्याच्यानं होत नाही, आणि बिलावरची खाडाखोड त्यांच्याइतकी चटकन दिसणारं कार्यालयात दुसरं कुणी नाही. खजिनदारांना आज रात्रीच फोन करून हे लेखी मागितलं.

१७ जून, मंगळवार

काल शाळा सुरू झाल्या. वह्या, दप्तरं, चादरी, सगळं एकदम. किराणा ₹१२,६०० चा झाला, नेटबँकिंगनं एकाच रकमेत गेला. नोव्हेंबरात हीच रक्कम दोन तुकड्यांत रोख गेली होती. खजिनदार प्रवासात होते, मंजुरीला चार तास लागले, दुकानदार थांबले. खजिनदारांच्या जोडीला दुसरा मंजूर करणारा हवा. पुढच्या ठरावात.

दोन केंद्रांची वॉलेट एका दिवसात संपली. जूनसाठी मर्यादा सहा हजार केली.

३० जून, सोमवार

एका ताईंनी लग्न ठरल्यामुळं काम सोडलं. वॉलेट त्यांच्या नंबरवर, त्यांच्या केवायसीवर. उरलेले ₹२,२१५ संस्थेकडे परत घेतले, वॉलेट बंद केलं, केंद्राचे रोख हजार मोजून नव्या ताईंकडे, दोघींच्या सह्या. डबा असता तर किल्ली देऊन काम झालं असतं. फोन माणसाचा असतो, हे विसरून चालत नाही. काम सोडताना करायच्या गोष्टींच्या यादीत ही ओळ घातली.

४ जुलै, शुक्रवार

चार महिन्यांचा आढावा सचिवांना दिला. कार्यालयाच्या रोख व्हाउचरांची संख्या फेब्रुवारीत १८७ होती, जूनमध्ये ४४. 'इतर' खाली ३१ च्या जागी २. कुणाचेही खिशातले पैसे अडकलेले नाहीत. हे मी सहाही ताईंना आणि मावशींना वेगवेगळं विचारून घेतलं, कारण विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत. वॉलेटच्या कंपनीचं महिन्याचं शुल्क आहे आणि ते आधी नव्हतं, हेही आढाव्यात लिहिलं. रिचार्जचा मुद्दा या वेळी मंजूर झाला.

११ जुलै, शुक्रवार

डबा न सांगता मोजला. ₹३,००० असायला हवेत. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, या वेळी काकांनी मोजलं आणि मी लिहून घेतलं. रोकड १,७२८, व्हाउचर १,०६०, उचल २००. एकूण २,९८८.

काकांनी पुन्हा मोजलं. चिल्लर दोनदा. बारा रुपये कमी.

त्यांचा हात शर्टाच्या खिशापाशी गेला, तिथून पेन घेऊन बाहेर आला. त्यांनी वही ओढली आणि त्या सरळ, तिरक्या न होणाऱ्या अक्षरात लिहिलं : 'तूट ₹१२. कारण सापडले नाही.' खाली सही केली आणि वही माझ्याकडे वळवली.